विषादात विष नाही

'विषाद' या शब्दात विष आहे, असं आपल्यापैकी बरेच जण धरून चालतात. मनात विष कालवतो तो विषाद, अशी फोडही कुणी कुणी करून दाखवतात. ऐकायला झकास, पण व्याकरणात बसत नाही. शब्द आहे वि + साद. त्याचा धातू 'सद्' म्हणजे बसणं, खचणं, खाली जाणं. 'वि'मधल्या इकारामुळे पुढच्या 'स'चा 'ष' झाला, एवढंच.

याच 'सद्'पासून सदन, संसद, परिषद, उपनिषद हे शब्द आले. आणि गंमत म्हणजे 'प्रसन्न'सुद्धा! विषण्ण आणि प्रसन्न ही सख्खी भावंडं आहेत. गढूळ पाण्यातला गाळ तळाशी बसला, पाणी निवळलं, की ते प्रसन्न झालं. पाणी निवळायला पूर्वी मडक्यात निवळीचं बी उगाळून टाकत, त्या निवळीचं संस्कृतातलं एक नाव 'अंबुप्रसाद' असंच आहे. गाळ खाली बसला तर प्रसाद आणि माणूस स्वतःच खाली बसला तर विषाद.

खाली बसतो तो मनानंच, असंही नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायाचं नाव अर्जुनविषादयोग. त्यात अर्जुन दुःखाबद्दल बोलण्याआधी शरीराची तक्रार सांगतो: 'सीदन्ति मम गात्राणि', माझी गात्रं गळून जाताहेत. हे 'सीदन्ति'ही त्याच 'सद्' धातूचं रूप. पुढे तोंडाला कोरड, अंगाला कंप, कातडीची आग, उभं राहवत नाही, आणि अध्यायाच्या शेवटी तो खरोखरच रथात खाली बसतो. (अर्जुनाला डिप्रेशन होतं, असं सांगणारे लेख अधूनमधून वाचायला मिळतात. घटकाभरात आलेल्या अवस्थेवरून असं निदान कुठलाही शहाणा डॉक्टर करणार नाही.) चरकसंहितेत विषाद सरळ वाताच्या 80 विकारांच्या यादीतच आहे. त्याच यादीत अस्वप्न, म्हणजे झोप न येणं, आणि चित्त थाऱ्यावर नसणंही आहे. रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषाद सर्वांत पुढचा, असंही चरक म्हणतो.

आता खानदेशातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी दवाखान्यात जाऊन बसा. कापूस वेचणीला जाणारी बाई डॉक्टरसमोर 'मी दुःखी आहे' असं म्हणत नाही, विषाद तर दूरच. ती अहिराणीत सांगते, 'हातपाय गळी गयात', 'काहीच गोड लागत नही', 'करमत नही'. डॉक्टर हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासायला सांगतात. ते बरोबरच आहे, कारण रक्त कमी असलं किंवा थायरॉईड मंदावलं तरी माणूस असाच गळून जातो. घोळ पुढे होतो. रिपोर्ट नॉर्मल आले की हातात टॉनिकची बाटली पडते आणि 'करमत नही' हे वाक्य तिथंच विरून जातं.

खरं तर त्या बाईनं निम्मं निदान स्वतःच सांगितलेलं असतं. मानसोपचारतज्ज्ञ वापरतात त्या डीएसएम-5 या अमेरिकी नियमावलीत डिप्रेशन या आजाराची 9 लक्षणं आहेत. त्यातली निदान 5 सलग 2 आठवडे, जवळजवळ रोज दिसावी लागतात आणि त्यात उदास मन किंवा कशातच गोडी न वाटणं, यांपैकी एक तरी हवंच. उरलेल्या सातांपैकी चार थेट शरीराची आहेत: झोप, भूक, थकवा, आणि हालचाल मंदावणं किंवा उलट जिवाची तगमग होणं. बाकीची तीन म्हणजे अपराधीपणा, लक्ष न लागणं आणि मरणाचे विचार. जर्मनीत योहानेस मिखालाक आणि सहकाऱ्यांनी 2009 साली अशा रुग्णांची चाल मोजली. ते सावकाश चालत होते, त्यांचे हात कमी हलत होते, खांदे पुढे झुकलेले होते. 'सद्' धातूचा अर्थ त्यांच्या चालीतच उतरला होता म्हणा ना.

म्हणून मराठीत या आजाराला 'नैराश्य' म्हणायची जी पद्धत पडली आहे, ती मला फारशी पटत नाही. आशा संपणं हे त्या नऊत वेगळं कलमही नाही, उदास मनाच्या वर्णनात ते येतं. शिवाय जुन्या वाङ्मयात नैराश्य ही कौतुकाची गोष्ट होती. 'आशा हि परमं दुःखं नैराश्यं परमं सुखम्' असं भागवत सांगतं. तिथं नैराश्य म्हणजे हाव सुटणं. 'उदास'चंही तेच. उद् + आस् म्हणजे वर, अलिप्त बसणं. 'जोडोनिया धन उत्तम वेव्हारे, उदास विचारे वेच करी' म्हणताना तुकोबा रडवेल्या चेहऱ्यानं खर्च करा असं सांगत नाहीत. पैशात जीव न अडकवता खर्च करा, असं सांगतात. वैराग्याचे हे शब्द घसरत घसरत आजाराच्या खात्यात आले. विषाद मात्र आधीपासून वैद्यांच्याच यादीत होता. हिंदीवाल्यांनी त्याचा भाऊ 'अवसाद' उचलला, तोही 'सद्'चाच.

युरोपात ग्रीकांनी या दुखण्याला 'मेलांकोलिया' म्हटलं, म्हणजे काळं पित्त. शरीरात काळं पित्त वाढलं की माणूस खिन्न होतो, ही त्यांची समजूत. असं पित्त कुणालाच सापडलं नाही, तरी नाव शतकानुशतकं टिकलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मानसोपचारतज्ज्ञ अॅडॉल्फ मायर यांनी त्याऐवजी 'डिप्रेशन' शब्दाचा आग्रह धरला. मूळ लॅटिन अर्थ: खाली दाबणं.

टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोन करताना आजाराचं नाव माहीत असायची गरज नाही. झोप लागत नाही, हातपाय गळतात, करमत नाही, इथून सुरुवात केली तरी पुढचे प्रश्न समोरचा माणूस विचारतो.