टॉक्सोप्लाझ्मोसिस (गरोदरपणातील)

टॉक्सोप्लाझ्मा गोंडाय या एकपेशीय परजीवीचा संसर्ग. गरोदरपणात तो पहिल्यांदाच झाला तर वारेतून गर्भापर्यंत पोहोचू शकतो. त्यातून गर्भपात, मृतजन्म किंवा बाळाच्या मेंदूला व डोळ्यांना इजा होऊ शकते. १९०८ मध्ये ट्यूनिस येथे गुंडी नावाच्या उंदीरवर्गीय प्राण्यात तो सापडला. नावात गुंडीचे चुकून ‘गोंडी’ झाले आणि ते तसेच राहिले.

सांगली जिल्ह्यात जत, आटपाडीकडे शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्यांना या रोगाचे नाव ठाऊक नसेल, पण धडधाकट गाभण शेळी दिवस भरण्याआधी गाभडते हे त्यांनी पाहिलेले असते. मेलेल्या करडामागून पडलेल्या वारेच्या लाल गाठींवर बाजरीच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके दिसले, तर पशुवैद्यकाला या परजीवीची शंका येते. शेळ्या ब्रुसेल्लोसिसनेही गाभडतात. तो जिवाणूचा रोग. कारण कुठलेही असो, ती वार उघड्या हाताने उचलू नये आणि गरोदर बाईने अशा वेळी गोठ्यात जाऊच नये.

परजीवीचे लैंगिक चक्र फक्त मांजरकुळात पूर्ण होते. लागण झालेले मांजर एक ते तीन आठवडे विष्ठेतून लाखो अंडपुटी (परजीवीची कवचबंद, अंड्यासारखी रूपे) टाकते, तेही बहुधा आयुष्यात एकदाच. या पुटी संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, पुढे ओल्या मातीत त्या वर्षभरही तग धरतात. त्यामुळे घरच्या मनीला हाकलण्यापेक्षा भांगलणीहून आल्यावर साबणाने हात धुणे आणि मातीसकट आलेली मेथी-कोथिंबीर नीट धुऊन घेणे जास्त कामाचे. रटरटून शिजलेल्या मटणाची भीती नाही. निखाऱ्यावर अर्धीकच्ची भाजलेली कलेजी आणि शेळीचे न तापवलेले दूध मात्र टाळावे.

आईला बहुधा काहीच जाणवत नाही. फार तर कणकण येते, मानेत गाठी सुजतात. पहिल्या तिमाहीत संसर्ग गर्भापर्यंत क्वचित पोहोचतो, पण पोहोचला तर इजा मोठी असते. शेवटच्या तिमाहीत नेमके उलटे.

दोनदा पोट पडलेली बाई मिरजेला दाखवायला येते, तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत पुष्कळदा घडी घातलेला ‘टॉर्च’चा, म्हणजे टॉक्सोप्लाझ्मासह गर्भाला बाधणाऱ्या काही संसर्गांच्या रक्तचाचणीचा, रिपोर्ट असतो. त्यात आयजीजी (संसर्गानंतर रक्तात कायम राहणारे प्रतिपिंड) पॉझिटिव्ह दिसले की घरात मांजरावर, नाहीतर सुनेवरच खापर फुटते. वास्तविक एकटे आयजीजी म्हणजे कधीकाळी होऊन गेलेला संसर्ग, आणि तो निरोगी बाईच्या पुढच्या गर्भाला सहसा बाधत नाही. पुन्हापुन्हा होणाऱ्या गर्भपातांचे कारण दुसरीकडेच शोधावे लागते. आयजीएम हे संसर्गात आधी तयार होणारे प्रतिपिंडही कित्येक महिने रक्तात रेंगाळते, म्हणून तेवढ्यावरून संसर्ग नवा ठरत नाही. पहिल्या १६ आठवड्यांत केलेल्या चाचणीत आयजीजीची अ‍ॅव्हिडिटी (परजीवीला चिकटण्याची पकड, जी काळानुसार घट्ट होते) जास्त आली, तर संसर्ग दिवस जाण्याआधीचा समजतात.

नवा संसर्ग १८ आठवड्यांच्या आत कळला तर स्पायरामायसिन हे प्रतिजैविक देतात. त्यानंतर गर्भजलाच्या पीसीआर चाचणीत (जी परजीवीचा डीएनए शोधते) परजीवी सापडल्यास पायरिमेथामिन व सल्फाडायझिन ही औषधे सुरू करतात. पायरिमेथामिन फोलेट या पेशींच्या वाढीला लागणाऱ्या जीवनसत्त्वाच्या कामात आडवे येते, म्हणून पहिल्या तिमाहीत ते टाळतात आणि नंतरही सोबत फोलिनिक आम्ल (फोलेटचेच एक रूप) देतात.