आकाशगंगेची भाकरी कोण थापतं?

दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा आणि वायूचा अवाढव्य समूह, चपटी का, असं विचारलं की हमखास उत्तर येतं: गरगर फिरते म्हणून पसरते. खरं तर घडतं उलट. मुळात वायूचा अवाढव्य ढग असतो. गुरुत्व त्याला सगळीकडून आत ओढतं आणि फिरण्यामुळे तो फक्त आडव्या पातळीत अडतो. परातीत ज्वारीचा गोळा थापला की कडा बाहेर सरकतात. इथे कडा आत यायच्या थांबतात.

का थांबतात? शेजारच्या ढगांच्या ओढाताणीतून ढगाला मंद गिरकी मिळालेली असते. तो आकसताना वेग गुणिले अक्षापासूनचं अंतर हा गुणाकार कायम राहतो, म्हणजे अंतर एक दशांश झालं की वेग दहापट. कक्षेत टिकायला लागणारी ओढ म्हणजे वेगाचा वर्ग भागिले अंतर. ती हजारपट वाढते. आतलं वस्तुमान तेवढंच राहिलं तर गुरुत्व वाढतं फक्त शंभरपट. त्यामुळे आकसताना कुठेतरी दोन्हींची बरोबरी होते आणि वायू तिथेच फिरत राहतो. अक्षाच्या दिशेनं असा अडसर नाही. वरचा आणि खालचा वायू मधे येऊन आदळतो, तापतो, ती उष्णता प्रारणातून, म्हणजे प्रकाशासारख्या लहरींतून, गमावतो आणि थंड होऊन तिथेच बसतो. अशी चपटी तबकडी तयार होते.

ताऱ्यांना हे जमत नाही. ते एवढे विरळ असतात की न आदळता पार जातात आणि वरखाली झुलत राहतात. म्हणून वायू बसण्याआधीच बहुतेक तारे बनले, किंवा तोलामोलाच्या दोन तबकड्या एकमेकींत घुसल्या, तर लंबगोल दीर्घिका उरते. कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारं, फक्त गुरुत्वातून जाणवणारं द्रव्य, तेही प्रारण टाकत नाही. त्याचा पसारा गोलसरच राहतो.

आपल्या आकाशगंगेची तबकडी सुमारे १ लाख प्रकाशवर्षं रुंद आणि हजारेक प्रकाशवर्षं जाड आहे. वीतभर भाकरी जेमतेम दोन मिलिमीटर जाड असावी, तशी. केंद्रातलं कृष्णविवर तिला फिरवतं, हाही गैरसमजच. ते सुमारे ४० लाख सूर्यांएवढं आहे, तर सूर्याच्या कक्षेच्या आतलं एकूण वस्तुमान १०,००० कोटी सूर्यांच्या घरात.

हे केंद्र मूळ नक्षत्राशेजारी आहे. मूळ नक्षत्रावरची मुलगी सासऱ्याला वाईट म्हणून आजही स्थळं मोडतात. जन्माच्या दिवशी चंद्र त्या दिशेला होता, एवढाच त्याचा अर्थ. त्यापायी मुलीचं आयुष्य अडवणं हा निव्वळ अन्याय आहे.

मेच्या मध्यावर, चंद्र नसताना, सोलापूरचे दिवे मागे टाकून नान्नजकडच्या एखाद्या माळावरून रात्री अडीचच्या सुमारास दक्षिणेला बघा. क्षितिजापासून ४३ अंशांवर केंद्राची दिशा असते. आकाशगंगेच्या पांढुरक्या पट्ट्याच्या लांबीत एक काळी फट दिसते. तिथे तारे कमी नाहीत. मधल्या पातळीत बसलेल्या वायूतली धूळ पलीकडचे तारे झाकते.