न कुजणारा पाचोळा

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात लीहाय नदीकाठी पामर्टन नावाचे गाव आहे. तेथे १८९८ पासून १९८० पर्यंत खनिजापासून जस्त काढले जात होते. भट्ट्यांच्या धुरातून जस्त, कॅडमियम व शिसे यांचे कण आणि सल्फर डायऑक्साइड वायू शेजारच्या ब्लू माउंटनवर वर्षानुवर्षे पसरत राहिला आणि सुमारे दोन हजार एकरांवरचे जंगल उजाड झाले. उघडा पडलेला डोंगर कोणालाही दिसत होता. जमिनीत काय बिघडले होते हे कळले ते तगून राहिलेल्या झाडांखालच्या पाचोळ्यावरून.

जंगलाला कोणी खत घालत नाही. गळालेल्या पानांतील नत्र आणि स्फुरद बुरशी व जिवाणू मोकळे करतात आणि झाडांची मुळे ते पुन्हा शोषून घेतात. १९७० च्या दशकात संशोधकांनी ओक आणि ससाफ्रासची पाने जाळीच्या पिशव्यांत भरून जंगलात ठेवली, तेव्हा भट्टीजवळची पाने दूरच्या जंगलातील पानांपेक्षा बरीच सावकाश कुजली. साहजिकच भट्टीजवळ पाचोळ्याचा थर अधिक जाड होता. एरवी असा थर पाहून जमीन कसदार आहे असेच कोणीही म्हणेल. इथे मात्र तो अन्नद्रव्ये अडकून पडल्याची खूण होता.

जस्त हे खरे तर जिवाणूंनाही लागणारे द्रव्य आहे, पण अगदी अल्प प्रमाणात. ते वाजवीपेक्षा जास्त झाले, की विकरांमधील (पेशीतील रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांमधील, म्हणजे एन्झाइममधील) गंधकयुक्त गटांना चिकटून त्यांचे काम थांबवते. कॅडमियम तर विकरांतील जस्ताचीच जागा बळकावते. स्फुरद मोकळे करणाऱ्या फॉस्फेटेजसारख्या विकरांची क्रिया त्यामुळे मंदावते. जे सूक्ष्मजीव तग धरतात, त्यांची बरीच ऊर्जा पेशीत शिरलेला धातू बाहेर फेकण्यातच खर्च होते. बुरशी सामान्यतः जिवाणूंपेक्षा अधिक सोशिक असते, म्हणून अशा मातीत सूक्ष्मजीवांची केवळ संख्याच नव्हे, तर त्यांचे आपसांतील प्रमाणही बदलते.

कीटकनाशकांचे कालांतराने विघटन होऊ शकते, धातूंचे होत नाही. ते ह्यूमसला, म्हणजे कुजलेल्या पाचोळ्यापासून बनलेल्या काळ्या सेंद्रिय पदार्थाला, घट्ट धरून वरच्या काही सेंटिमीटरांतच राहतात, म्हणजे नेमके तिथेच, जिथे कुजण्याचे काम चालते. भट्ट्या थंडावल्या तरी पामर्टनची जमीन आपोआप सुधारली नाही, ती यामुळेच. पुढे डोंगरावर सांडपाण्याचा गाळ, राख आणि चुना यांचे मिश्रण पसरले गेले, तर काही भागांत देशी गवते पेरली गेली, कारण ती धातू पानांत फारसा चढू देत नाहीत. तेथे आपसूक उगवणारी बर्च आणि पॉप्लरची झाडे मात्र नकोशी ठरली: त्यांची मुळे धातू वर ओढतात आणि दर शरद ऋतूत पानांबरोबर तो पुन्हा जमिनीवर येतो.