अतिशीतन

द्रव गोठणबिंदूखाली गेला तरी स्फटिक न बनता द्रवच राहणे. ही अवस्था मितस्थायी (तात्पुरती टिकणारी, पण धक्का मिळताच ढळणारी) असते. सोडियम अ‍ॅसिटेट ट्रायहायड्रेटचा (वितळबिंदू सु. ५८° से.) स्वच्छ रस न हलवता निवू दिला, तर खोलीच्या तापमानालाही तो गोठत नाही. त्याच लवणाचा एक कण टाकताच त्या ठिकाणापासून सुयांचे झुबके पसरतात आणि बाहेर पडलेल्या सुप्त उष्णतेने भांडे गरम होते. पाण्याच्या अतिशीतनाचे पहिले वर्णन सामान्यतः फॅरनहाइट यांचे (१७२४) मानतात.

स्फटिकाचा अंकुर तगायला तो एका क्रांतिक आकाराहून मोठा व्हावा लागतो. कारण नवा पृष्ठभाग निर्माण करण्याला ऊर्जा लागते. अतिशीतन वाढते तसा हा आकार घटतो. म्हणून उथळ अतिशीतनात मोजके, मोठे स्फटिक मिळतात. खोल अतिशीतनात पुष्कळ आणि बारीक. त्याहून खाली श्यानता (द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध) अणूंची हालचालच रोखते व द्रवाची काच (स्फटिकरचना नसलेला घन) होते.

द्रव इतका टिकतो कसा, हा खरा वादाचा मुद्दा. टर्नबुल यांनी १९५० च्या सुमारास धातूंचे सूक्ष्म थेंब वितळबिंदूच्या (केल्विनमधील) सु. १८ टक्के खाली नेले. फ्रँक यांनी १९५२ मध्ये सुचवले की, द्रवात एका अणूभोवती बारा अणू विंशतिफलकाच्या (वीस त्रिकोणी पृष्ठांच्या घनाकृतीच्या) शिरोबिंदूंवर बसत असावेत. या रचनेतील पंचसममिती (पाचव्या भागाइतके फिरवले तरी तसेच दिसणे) स्फटिकाच्या आवर्ती (तीच मांडणी पुन:पुन्हा येणाऱ्या) जाळीत बसत नाही. स्फटिक होण्याआधी ती मोडावी लागते. टायटॅनियम-झिर्कोनियम-निकेलच्या अधांतरी तरंगत्या थेंबांवरील क्ष-किरण प्रयोगांनी (२००३) या मताला बळ दिले. ते अधिक ग्राह्य वाटते, पण सर्व द्रवांना सरसकट लागू करणे घाईचे होईल. पाण्याबाबत दोन भिन्न घनतांच्या द्रवरूपांची कल्पना (१९९२) मांडली गेली, मात्र सु. -३८° से. खाली सूक्ष्म थेंबही झपाट्याने गोठत असल्याने पडताळा अवघड आहे.

विद्राव व मिश्रधातूंमध्ये संघटनजन्य, म्हणजे घटकांचे प्रमाण बदलल्याने होणारे, अतिशीतनही (रटर व चामर्स, १९५३) असते. गोठणारा घन बहुधा विद्रुत (विरघळलेले) द्रव्य पुढे द्रवात ढकलतो. घन-द्रव सीमेलगत ते साचून तेथला गोठणबिंदू सर्वांत खाली जातो; सीमेपासून दूर तो चढत जातो. त्यामुळे थोडे पुढचे द्रव सीमेवरल्यापेक्षा गरम असूनही अतिशीत ठरते. सपाट सीमेवर उठलेला उंचवटा मग मागे न सरता वाढतो; आधी पेशीसारखी, मग झाडासारख्या फांद्यांची रचना होते. फांद्यांमधला विद्रुतसमृद्ध रस शेवटी गोठतो, म्हणून ओतकामात संघटन जागोजाग बदललेले आढळते.