७३ मिलिमीटरचा स्ट्रोक

१९४८च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात प्यूजो या फ्रेंच कंपनीने '२०३' ही मोटार मांडली, तेव्हा फ्रान्स युद्धातून जेमतेम सावरत होता. कंपनीच्या सोशो इथल्या कारखान्यावर १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकले होते. जुनी २०२ बंद झाल्यावर १९५५ पर्यंत प्यूजोकडे दुसरी मोटारच नव्हती. सगळी भिस्त या एका गाडीवर.

तिचं खरं मोल बॉनेटखाली होतं. १,२९० सीसी, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ७५ मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव ७३. ॲल्युमिनियमचं हेड आणि अर्धगोल ज्वलनकक्ष, म्हणजे सर्वसामान्य कुटुंबाच्या गाडीत तेव्हा सहसा न दिसणारी गोष्ट. शिवाय वेट लायनर, म्हणजे ब्लॉकमध्ये वेगळी बसवलेली, बाहेरून थेट पाणी खेळणारी सिलिंडरची नळी: झिजला की ओढून काढायचा आणि नवा बसवायचा, ब्लॉकला हात लावायचं काम नाही. आडगावच्या मेकॅनिकचाही विचार करणारं हे इंजिन मला फार आवडतं.

पुढचा सगळा इतिहास त्या ७३च्या आकड्यात आहे. १९५५ची ४०३ आली, तिचा साज पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीचा. बोअर ८० केला, १,४६८ सीसी झाले. १९६०ची ४०४ आली, बोअर ८४, १,६१८ सीसी, आणि बॉनेट खाली घेता यावं म्हणून इंजिन ४५ अंशांत कलतं बसवलेलं. स्ट्रोक मात्र तिन्हींत तोच.

पुढे ४०३ आणि ४०४ या दोघींनाही दोन-दोन पेट्रोल इंजिनं मिळाली. का, याचं उत्तर करात आहे. फ्रान्समध्ये गाडीची 'करपात्र अश्वशक्ती' मुख्यतः सीसीवरून ठरे आणि १९५६ पासून वृद्धांच्या पेन्शनसाठी त्यावर वार्षिक करही बसला. ही इंजिनाची खरी ताकद नव्हे, कराचा गट. २०३ सात अश्वशक्तीच्या गटात, ४०३ आठच्या, ४०४ नऊच्या. म्हणून ४०४ आली त्याच वर्षी प्यूजोने ४०३ मध्ये जुनं १,२९० सीसीचं इंजिन बसवून 'सेत', म्हणजे 'सात', नावाची स्वस्त आवृत्ती काढली. पुढे ४०४लाही १,४६८ सीसीचं इंजिन देऊन आठच्या गटात आणलं. गिऱ्हाइकाच्या खिशाची एवढी काळजी घेतल्यामुळेच ४०३ दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी पहिली प्यूजो ठरली, असं माझं मत आहे.



डिझेलची शाखा वेगळी. इंदेनोर या प्यूजोच्याच उपकंपनीचं १,८१६ सीसीचं इंजिन १९५९ मध्ये ४०३ मध्ये आलं. ताकद ४८ अश्वशक्ती, म्हणजे चढाला गाडी कुंथणारच. पण डिझेल स्वस्त होतं आणि टॅक्सीवाल्याला तेवढं पुरे होतं. इथेही बोअर वाढत गेला: ८५, मग ८८, मग ९०. हा ९० बोअर आणि ८३ स्ट्रोकचा, २,११२ सीसीचा अवतार प्यूजोच्याच ५०४ मध्ये बसला.

तोच 'एक्सडीपी ४.९०' नावाने परवान्यावर महिंद्राकडे आला आणि इगतपुरीच्या कारखान्यात बनू लागला. एमएम ५४० जीप चालवलेल्यांना तो आठवत असेल: थंडीत पहाटे चावी अर्धी फिरवायची, हीटर प्लग तापेपर्यंत थांबायचं, मगच सेल्फ मारायचा. गॅरेजमध्ये 'प्यूजो इंजिन' एवढं म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नसे.