लाल वाडगा, हिरवा पेला: आमच्या रोमन घाटाच्या भांड्यांविषयी

लाल वाडगा हातात घेतला की बहुतेक ग्राहक म्हणतात, "काय छान ग्लेझ आहे!" त्यावर ग्लेझ, म्हणजे भट्टीत वितळून बसणारा काचेसारखा थर, नाहीच. माती पाण्यात कालवून ठेवली की जड कण तळाशी बसतात. वर राहिलेल्या पातळ रबडीत वाळलेलं भांडं बुडवून भाजलं की ही चकाकी येते. रोमन घरांतली रोजची लाल भांडी अशीच असत. दक्षिण फ्रान्समधल्या ला ग्रोफझँकच्या कुंभारांनी कुणाची किती भांडी भट्टीत गेली, याचा हिशेब चक्क ताटल्यांवर कोरून ठेवला आहे. एकेका भट्टीत 25-30 हजार नग! तिथल्याच 90 वाडग्यांची एक पेटी इटलीतल्या पाँपेई शहरात सापडली. इ.स. 79 मध्ये शेजारच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा ती उघडायचीच राहिली होती.

ग्लेझ आहे ते हिरव्या पेल्यावर. अशी भांडी इसवी सनपूर्व पहिल्या शतकात आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, तार्ससच्या परिसरात होऊ लागली. घाट सरळ चांदीच्या पेल्याचा: दोन बाजूंना कड्यासारखे कान, कानावर अंगठा टेकायला चपटी पट्टी, पोटावर साच्यातून उठवलेली वेलपत्ती. चांदी परवडत नाही, पण पाहुण्यांपुढे मिरवायचं तर आहे, अशा घरांसाठीच हा माल असावा, असं आमचं मत.

बाहेरचा हिरवा रंग तांब्याचा, आतला मधासारखा पिवळा लोखंडाचा. जुने पेले बऱ्याचदा भट्टीत तिवईवर पालथे ठेवत, म्हणून ग्लेझचे ओघळ काठाकडे आलेले दिसतात. आमच्या पेल्याच्या काठाला लागणारा जाडसर थेंब त्याच पद्धतीमुळे आहे. कृपया तो दोष समजून परत आणू नका.

एका बाबतीत मात्र आम्ही रोमनांचं ऐकलेलं नाही. त्यांच्या ग्लेझमध्ये शिसं असे. शिशामुळे ग्लेझ कमी आचेवर वितळतं, पण आंबट पदार्थात हे शिसं उतरू शकतं. आणि पेल्यात असायची वाईन! त्याच काळातला वास्तुकार व्हिट्रुव्हियस शिशाच्या नळांपेक्षा मातीच्या नळांचं पाणी चांगलं, असं लिहून गेला. आमचं ग्लेझ बिनशिशाचं आहे, त्यामुळे हिरवा थोडा फिका दिसतो.

पेल्यात सोलकढी, सरबत खुशाल घ्या. लाल वाडग्यात मात्र लोणचं किंवा ताक रात्रभर ठेवू नका, डाग धरतो. मऊ स्पंजने धुवा, तारेची घासणी नको. दोन्ही भांडी गॅसवर चढवू नका.