बॅटरीचा झोत आणि बंदुकीची नळी

सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात शेतीपंपाची लाईट रात्रपाळीला आली की माणसाला मळ्यात जावंच लागतं. हातात काठी आणि बॅटरी असते. पीकसंरक्षणाचा परवाना असलेल्या मोजक्या घरांत बारा बोअरची बंदूकही असते. मग कुणीतरी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बॅटरी नळीलाच बांधून टाकतं. हे करावं का, आणि करायचंच तर दिवा कसला घ्यावा, याचं उत्तर दुकानात मिळत नाही. दुकानात फक्त ल्युमेनचा आकडा मिळतो.

दिव्यातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो, ते ल्युमेन सांगतं. तो प्रकाश एका दिशेला किती एकवटला आहे, ते कँडेला सांगतं. मोटारीच्या पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी तेवढंच राहतं, पण धार लांब जाते. खोल आणि रुंद परावर्तक प्रकाशाचं तेच करतो. म्हणून ५०० ल्युमेनची एक बॅटरी बांधापलीकडचं झाड दाखवते आणि २,००० ल्युमेनची दुसरी अंगणातच संपते.

अंतराचा हिशेब सोपा आहे. कँडेलाला अंतराच्या वर्गाने भागलं की समोरच्या वस्तूवर किती लक्स प्रकाश पडतो ते कळतं. १०,००० कँडेलाचा झोत ५ मीटरवर ४०० लक्स देतो, ५० मीटरवर ४ आणि २०० मीटरवर फक्त पाव लक्स. हा पाव लक्स म्हणजे जवळपास पौर्णिमेचं चांदणं. खोक्यावर ‘२०० मीटर पल्ला’ छापतात तो इथवरचा असतो, कारण अमेरिकेत २००९ मध्ये ठरलेल्या आणि पुढे बऱ्याच कंपन्यांनी उचललेल्या एफएल१ या मानकात पल्ल्याची व्याख्याच पाव लक्सवर आहे. त्या उजेडात काहीतरी हलतंय एवढं कळेल. ते रानडुक्कर आहे की घोंगडी पांघरून वाकलेला माणूस, हे कळणार नाही. पल्ल्याच्या चौथ्या हिश्श्यापलीकडे ओळख पटेल असं मी धरत नाही. आणि पल्ला दुप्पट हवा असेल तर कँडेला चौपट लागतात.

पण लांब झोत सगळीकडे कामाचा नाही. हरभऱ्याच्या किंवा कपाशीच्या उघड्या रानात तो हवा. केळीच्या बागेत खोडं पाच-सहा फुटांवर असतात. तिथे लांब झोताची बॅटरी लावली की २ मीटरवरच्या पानावर २,५०० लक्स पडतात, त्या चकाकीने डोळ्याची बाहुली आकसते आणि पानामागचं सगळं काळंकुट्ट होतं. बागेसाठी पसरट, मवाळ झोतच चांगला. घराच्या आतही तोच.

डोळ्याचं गणित तर दिव्याहून नाजूक आहे. आपल्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी साधारण ६० लाख आहेत आणि मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे १२ कोटी. दंडपेशींतलं ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य प्रखर उजेडाने विरघळल्यासारखं नाहीसं होतं आणि अंधारात पुन्हा पूर्ण तयार व्हायला अर्धा तास तरी लागतो. झोपेतून उठून हजार ल्युमेनचा झोत चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर मारला, तर दिवा बंद केल्यावर आपणच आंधळे. दोन्ही डोळे आपापले सरावतात, म्हणून एक डोळा मिटून ठेवला तर निदान तो तरी वाचतो. लाल उजेडाला दंडपेशी जवळजवळ दाद देत नाहीत, त्यामुळे खोपीत वावरायला, व्हॉल्व्ह फिरवायला मंद लाल दिवा उत्तम. सापासाठी मात्र पांढराच हवा. पाचोळ्यातली घोणस तिच्या तपकिरी ठिपक्यांवरून कळते आणि लाल उजेडात ते ठिपके मावळतात.

सापावरून आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बॅटरी कुठे धरता यावर काय दिसेल ते ठरतं. डोक्याला पट्ट्याने बांधलेला दिवा आपल्या नजरेच्या रेषेत असतो, म्हणून वस्तूची सावली वस्तूमागेच लपते आणि जमीन सपाट भासते. तीच बॅटरी कमरेखाली आडवी धरून पाहा. प्रत्येक ढेकळाला, ठिबकच्या प्रत्येक नळीला लांब सावली फुटते, आणि वेटोळं घालून बसलेली घोणस जमिनीवरून उठून दिसते. तापीकाठच्या हिवाळी धुक्यातही हात खालीच बरा, कारण डोळ्याजवळच्या दिव्याचा उजेड धुक्याच्या थेंबांवरून उलट डोळ्यात येतो.

चमकणाऱ्या डोळ्यांचं नेमकं उलट आहे. बिबट्या, कुत्रा, गाय, रोही (नीलगाय) यांच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा थर असतो. तो आलेला प्रकाश बहुतांशी आल्या वाटेनेच परत पाठवतो. म्हणून चमक पाहायची तर दिवा आपल्या डोळ्याजवळच हवा. कमरेच्या बॅटरीने ती निसटते. आता यातली खरी गोम ऐका. डुकराच्या डोळ्यात हा थर नसतो, आणि माणसाच्याही नसतो. मळ्यात ज्याच्यासाठी जागरण करायचं ते रानडुक्कर आणि ज्याला कधीच इजा होता कामा नये तो सालदार, अंधारात दोघांचेही डोळे सारखेच विझलेले. डोळे चमकले नाहीत एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. चमकीच्या रंगावरूनही प्राणी ठरवू नये, कारण तो कोनाप्रमाणे बदलतो.

म्हणूनच नळीवरच्या दिव्याबद्दल माझं मत ठाम आहे. दिवा नळीवर असला की पाहण्यासाठी नळी रोखावी लागते. खाट वाजली म्हणून पाहायला गेलात आणि दारात नात उभी असली, तर भरलेली बंदूक आधीच तिच्यावर रोखलेली असते. पाहण्यासाठी वेगळी, हातातली बॅटरी असलीच पाहिजे. आधी उजेड, मग ‘कोन शे रे?’ अशी मोठ्याने हाक, आणि बंदुकीचा विचार ओळख पटल्यानंतर. बिबट्या दिसला तर तोही विचार नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो संरक्षित आहे, आणि बहुतेक वेळा उजेड व आवाजानेच तो निघून जातो.

परवान्याच्या बंदुकीला दिवा बसवायचाच असेल तर तो पसरट झोताचा घ्यावा. चुना दिलेल्या खोलीत नळी जमिनीकडे ठेवूनही ५०० ते १,००० ल्युमेनचा दिवा भिंतींवरून परतून सगळी खोली उजळतो. मातीने सारवलेल्या धाब्याच्या घरात भिंती उजेड पिऊन टाकतात, तिथे ल्युमेन जास्त लागतात. बटण दाबलं तेवढाच वेळ पेटणारं हवं आणि ते घोड्यापासून लांब असावं, म्हणजे दिव्याचं बोट घोड्यावर जाणार नाही. साधी बॅटरी नळीला बांधली तर बारा बोअरच्या धक्क्याने आतली स्प्रिंग दबते, सेल क्षणभर सुटतो आणि नेमक्या वेळी अंधार होतो. बंदुकीसाठी बनवलेल्या चांगल्या दिव्यांत दोन्ही टोकांना मजबूत स्प्रिंगा असतात.

आता खोक्यावरच्या थापा. १८६५० नावाचा लिथियम सेल म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. त्यातला उत्तम सेल ३,५०० मिलीअँपिअर-तासांच्या आसपास थांबतो. ९,९०० लिहिलं असेल तर ते खोटं आहे. खऱ्या सेलच्या साडेतीन अँपिअर-तासांना ३.६ व्होल्टने गुणलं की साडेबारा वॅट-तास होतात. वॅटला १०० ल्युमेन धरले तर १,००० ल्युमेन सव्वा तास मिळतील. ‘१०,००० ल्युमेन, ८ तास’ हवे असतील तर असे साठहून जास्त सेल लागतील. शिवाय एलईडीला दिलेल्या विजेचा निम्म्याहून मोठा भाग उष्णतेत जातो, म्हणून छोटी बॅटरी पूर्ण जोर काही मिनिटंच टिकवते आणि मग आपोआप मंदावते. जळगावच्या मे महिन्यात हे आणखी लवकर होतं. सेल गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नयेत, त्यांचं आयुष्य घटतं.

विकत घेण्याआधी मोबाइलवर लक्स मोजायचं ॲप टाका. अंधाऱ्या खोलीत बरोबर ५ मीटरवर मोबाइल ठेवून झोताचा मध्य त्याच्या सेन्सरवर पाडा आणि आलेल्या आकड्याला २५ ने गुणा. ते झाले कँडेला. मोबाइल अचूक नसतो, पण दोन बॅटऱ्यांची तुलना चोख होते. पहिलं मोजमाप लगेच घ्या, दुसरं दहा मिनिटांनी. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर पैसे त्या दुसऱ्या आकड्याचेच द्या.